सज्ञान मुलाच्या दवाखान्याचं बिल आणि आई-वडिलांची जबाबदारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हल्याळ, कारवार या पट्ट्यातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. कायदा बहुतेक केंद्राचा, खासगी दवाखान्यांवरचे नियम कर्नाटकाचे आणि उपचार मात्र अनेकदा कोल्हापूर, मिरज नाहीतर गोव्यात. गोंधळ होतो तो इथंच. ‘मुलगा’ म्हटलंय तिथं मुलगीही धरा. फरक असेल तिथं वेगळं सांगितलं आहे.

१. मुलाला १८ पूर्ण झाली. आता त्याच्या दवाखान्याचं बिल कायद्यानं आमच्यावर येतं का?

नुसतं आई-वडील म्हणून येत नाही. भारतीय सज्ञानता कायदा, १८७५ नुसार १८ पूर्ण झालेला माणूस स्वतःचे करार स्वतः करतो, आणि उपचार घेणं हाही करारच आहे. बिल रुग्णाचं. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ चं कलम २० आई आणि वडील दोघांवरही मुलांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकतं, आणि निर्वाहात औषधपाणी येतं. पण मुलाच्या बाबतीत ही जबाबदारी तो अज्ञान, म्हणजे १८ च्या आतला, असेपर्यंतच आहे. हा कायदा लिंगायत, जैन आणि बौद्धांनाही लागू आहे. मुस्लिम कायद्यातही धडधाकट सज्ञान मुलाचा भार बापावर नाही.

मुलगा बेकार आहे, आपल्याच घरात जेवतो, रेशन कार्डावर नाव आहे, यातल्या कशानंही उत्तर बदलत नाही. बदलतं ते चार ठिकाणी: तुम्ही सही किंवा कबुली दिली असेल (प्रश्न ३ ते ६), मुलगी अविवाहित असेल (प्रश्न ९), मूल अपंगत्वामुळे कमवू शकत नसेल (प्रश्न ११), किंवा मुलाच्या मागे त्याची मालमत्ता तुमच्याकडे आली असेल (प्रश्न १९).

२. दाखल केलं तेव्हा मुलगा १७ वर्षांचा होता, दवाखान्यातच १८ पूर्ण झाली. मग?

दाखल करताना करार तुम्ही तुमच्या नावानं केलेला असतो. वाढदिवस आला म्हणून तो आपोआप मुलाच्या गळ्यात पडत नाही. त्या उपचाराचं बिल तुमचंच. वाढदिवसानंतर नवीन शस्त्रक्रिया ठरली तर संमती मात्र मुलाचीच लागते, आणि तिथं नव्यानं कागद करून घेणं दोघांच्याही सोयीचं असतं. कायद्यानं माणूस अठराव्या वाढदिवसाच्या पहाटे नव्हे, तो दिवस सुरू होताक्षणी सज्ञान होतो.

३. ॲडमिशनच्या वेळी ‘अटेंडर’ म्हणून सही केली. त्यानं मी अडकलो का?

सही कुठल्या कागदावर केली त्यावर आहे. काउंटरवर साधारण तीन कागद पुढे येतात आणि घाईत तिन्हींवर एकाच दमात सह्या होतात.

पहिला, रुग्णाची माहिती आणि सोबतच्या माणसाचं नाव, नातं, फोन नंबर. यावरच्या सहीनं पैशाची जबाबदारी येत नाही. दुसरा, संमतीपत्र: भूल, शस्त्रक्रिया, रक्त देणं यांसाठी. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती त्याचीच हवी. तुमची सही तिथं फार तर साक्षीदाराची. यानंही बिल अंगावर येत नाही.

तिसरा कागद धोक्याचा. त्यात साधारण असं वाक्य असतं: ‘रुग्णाच्या उपचाराचा सर्व खर्च भरण्यास मी वैयक्तिकरीत्या जबाबदार राहीन.’ कधी हा वेगळा बॉण्ड असतो, कधी संमतीपत्राच्याच पाठीमागे बारीक अक्षरात. याला भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२६ प्रमाणे हमी म्हणतात, आणि कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. म्हणजे दवाखान्यानं आधी मुलाकडे मागावं, त्याच्याकडून मिळालं नाही तरच तुमच्याकडे यावं, असा क्रम नाही. ते थेट तुमच्यावर दावा लावू शकतात. ‘जबाबदार राहीन’ ऐवजी ‘मी स्वतः भरीन’ असं लिहिलेलं असेल तर ती हमीसुद्धा नव्हे, तुमचं स्वतःचं देणं झालं.

बहुतेक कुटुंबं अडकतात ती याच कागदात, कायद्यातल्या कुठल्या कलमात नव्हे. म्हणून तिसऱ्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढल्याशिवाय तो परत देऊ नका.

४. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत होता, मला वाचता आला नाही. शिवाय सही केल्याशिवाय घेतच नव्हते. काय करायला हवं होतं?

‘भाषा कळली नाही’ एवढ्यानं सही रद्द होत नाही. वाचून दाखवायला सांगितलं आणि चुकीचं सांगून सही घेतली, हे दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. म्हणून सही करण्यापूर्वी वाचून दाखवायला सांगा; बेळगावच्या दवाखान्यांत मराठी जाणणारा एखादा कर्मचारी काउंटरच्या आसपास सापडतोच.

रुग्ण अत्यवस्थ असेल तर पैशासाठी उपचार थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ च्या परमानंद कटारा निकालात हे स्पष्ट केलं. कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा, २००७ मध्येही तातडीच्या रुग्णाला आगाऊ रक्कम न मागता प्राथमिक उपचार देण्याची सक्ती आहे. ठरवून केलेल्या ऑपरेशनला मात्र खासगी दवाखाना डिपॉझिट आणि हमी मागू शकतो, आणि नकार दिल्यास दुसरीकडे जा म्हणू शकतो.

अशा वेळी पूर्ण नकार देण्यापेक्षा हमीला मर्यादा घाला. सहीच्या वर स्वतःच्या हातानं मराठीत लिहा: ‘माझी हमी रु. ५०,००० पुरती. त्यापुढील खर्चास माझी लेखी मंजुरी आवश्यक.’ किंवा पैशाची जबाबदारी अजिबात घ्यायची नसेल तर: ‘फक्त नातेवाईक म्हणून सही, आर्थिक हमी नाही.’ काउंटरवरचा माणूस कुरकुर करेल, पण मोठ्या साहेबांकडे विचारून बहुधा घेतो. सही आधीच झाली असेल आणि खर्च दिवसागणिक वाढत असेल, तर ‘यापुढील खर्चाची हमी मी मागे घेत आहे’ असं पत्र देऊन पोच घ्या. चालू हमी पुढच्या व्यवहारांपुरती अशी मागे घेता येते (करार कायदा, कलम १३०). आधी झालेला खर्च मात्र सुटत नाही, आणि पॅकेज आधीच ठरलं असेल तर पत्राचा उपयोग कमीच.

५. मी सही केली नाही. फोनवर फक्त ‘चालू करा, पैशाचं बघून घेतो’ म्हणालो. आणि डिस्चार्जच्या दिवशी मात्र बॉण्ड लिहून घेतला.

आपल्याकडे हमी तोंडीसुद्धा चालते. कलम १२६ मध्ये तसं सरळ लिहिलं आहे. सिद्ध करणं दवाखान्याला जड जातं, पण कॉल रेकॉर्डिंग किंवा व्हॉट्सॲप मेसेज असला तर तेवढं जड नाही. ‘बघून घेतो’ सारखं अर्धवट बोलू नका.

डिस्चार्जच्या दिवशीच्या बॉण्डचं वेगळं. उपचार आधीच होऊन गेले, त्या वेळी तुमच्या शब्दावर कुणी काही केलं नव्हतं आणि मागाहून काहीच मोबदल्याशिवाय हमी लिहून दिली, तर ती टिकत नाही. करार कायद्याच्या कलम १२७ खाली असंच उदाहरण दिलेलं आहे. पण दवाखान्यानं त्या बॉण्डच्या बदल्यात मुदत दिली असेल, हप्ते पाडून दिले असतील, तर तो मोबदला ठरतो आणि हमी उभी राहते. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर आहे की कोऱ्या कागदावर, यानं यातलं काही बदलत नाही.

६. डिपॉझिटऐवजी कोरा चेक देऊन ठेवलाय. काही बिघडतं का?

बिघडतं, आणि हमीपेक्षा जास्त. सही केलेला चेक रिकामा असला तरी रक्कम भरायचा अधिकार तुम्ही दिला असंच धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये बीर सिंग प्रकरणात सांगितलं की कोऱ्या चेकवरही देणं असल्याचं गृहीत धरलं जाईल; तसं नव्हतं हे दाखवायचं काम तुमचं. चेक परत आला की ३० दिवसांत नोटीस येते, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात फौजदारी तक्रार. शिक्षा २ वर्षांपर्यंत किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेक मुलाच्या बिलासाठी असला तरी आरोपी तुम्ही, कारण खातं तुमचं.

द्यायचाच असेल तर रक्कम, तारीख आणि दवाखान्याचं नाव घालून द्या, मागच्या बाजूला रुग्णाचं नाव व आयपी नंबर (दाखल रुग्णाचा क्रमांक) लिहा आणि ‘डिपॉझिट म्हणून मिळाला’ अशी पावती घ्या. बिल भागलं की तोच चेक हातात परत घ्यायला विसरू नका. लोक गाडी काढायच्या गडबडीत नेमकं हेच विसरतात.

रोख देत असाल तर एक लक्षात असू द्या: एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एकाच प्रसंगासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे. एकाच दाखल रुग्णासाठी तुकड्या-तुकड्यांनी दिलं तरी तो एकच प्रसंग.

७. मुलगा बेशुद्ध होता. त्यानं सही केली नाही, मीही केली नाही. मग बिल कुणाचं?

मुलाचंच. करार करण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाला गरजेची सेवा दिली तर तिचे पैसे त्या माणसाच्या मालमत्तेतून वसूल करता येतात (करार कायदा, कलम ६८). बाप त्यात येत नाही. मुलाकडे काही नसेल तर दवाखान्याचे हात तिथंच थांबतात. म्हणूनच बेशुद्ध रुग्णाच्या वेळी नातेवाइकाच्या सहीचा आग्रह सगळ्यात जास्त असतो.

८. बिल भरल्याशिवाय सोडत नाहीत. मृतदेहही अडवतात असं ऐकलं.

मृतदेह अडवता येत नाही. कर्नाटकाच्या कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनं रुग्ण हक्क सनद आली. तिच्यानुसार मृतदेह लगेच ताब्यात द्यायचा, बाकीची वसुली नंतर. जिवंत, शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाला बिलासाठी खोलीत थांबवून ठेवणं म्हणजे गैररीत्या डांबून ठेवणं, भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ चा गुन्हा. दवाखान्याला पैशासाठी दिवाणी दाव्याचा रस्ता मोकळा आहे, माणूस रोखण्याचा नाही.

करायचं असं: आवाज चढवू नका, अधीक्षकाच्या नावे दोन ओळींचं पत्र द्या. ‘रुग्णाला सोडण्यात यावं, वादातली रक्कम अमुक, भरलेली अमुक.’ पोच घ्या. पोच देत नसतील तर व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर पाठवा. तरी नाही झालं तर ११२. लेखी तक्रार डीसींच्या (जिल्हाधिकाऱ्यांच्या) अध्यक्षतेखालच्या जिल्हा नोंदणी व तक्रार निवारण प्राधिकरणाकडे. अर्ज डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) ऑफिसात द्यायचा. आधार कार्ड, गाडीचं आरसी असली मूळ कागदपत्रं गहाण ठेवायला देऊ नका; झेरॉक्स द्या. उपचारांचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यायला डॉक्टर बांधील असतात, बिल बाकी असलं तरी.

९. मुलगी २४ वर्षांची, अविवाहित, कमावत नाही. तिच्या बिलाचं काय?

इथं कायदा बदलतो. १९५६ च्या कायद्याचं कलम २० अविवाहित मुलीला, ती स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू शकत नसेल तर, वयाची अट न ठेवता हक्क देतं. अभिलाषा विरुद्ध प्रकाश या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे मान्य केलं. मात्र त्यासाठी दिवाणी मार्गानं या कायद्याखाली जावं लागतं, दंडाधिकाऱ्याकडच्या पोटगीच्या अर्जानं भागत नाही.

पण हा हक्क मुलीचा आहे, दवाखान्याचा नव्हे. दवाखाना कलम २० दाखवून तुमच्याकडे थेट बिल मागू शकत नाही. मुलगी तुमच्यावर दावा लावू शकते. प्रत्यक्षात हा मुद्दा आई-वडील वेगळे राहतात आणि बाप हात वर करतो तिथं उपयोगी पडतो.

१०. लग्न झालेली मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. बिल माहेरचं की सासरचं?

रीत माहेरची, कायदा नवऱ्याचा. पत्नीच्या निर्वाहाची, औषधोपचारासह, जबाबदारी पतीवर आहे. माहेरच्यांनी सही केली तर प्रश्न ३ लागू. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधं-तपासण्यांसह मोफत आहे, माहेरच्या गावी आली तरी. फक्त मदर कार्ड (गरोदरपणातल्या तपासण्यांच्या नोंदीचं कार्ड) सोबत आणायला सांगा. ते सासरी राहिलं की मागच्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतात.

११. मुलगा ३० वर्षांचा आहे, पण अपंग किंवा मानसिक आजारी असल्यानं काम करू शकत नाही.

मोठा अपवाद हाच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (१ जुलै २०२४ पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५) सांगतं की शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे वा इजेमुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या सज्ञान मुलाला ऐपत असलेल्या बापाकडून पोटगी मागता येते. धर्माची अट नाही. लग्न झालेली मुलगी यात येत नाही. न्यायालय दरमहा रक्कम ठरवतं, तिच्यात उपचारांचा खर्च धरला जातो. पण अडीच लाखांचं एकरकमी बिल भरा असा आदेश या मार्गानं सहसा येत नाही. चार दिवसांचा ताप किंवा मोडलेला पाय, जो बरा होणार आहे, तो इथं बसत नाही. मुस्लिम कायद्यातही आजारानं किंवा व्यंगानं कमवू न शकणाऱ्या मुलाची जबाबदारी बापावर आहे.

मानसिक आजारासाठी दाखल करताना मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ म्हणून सही घेतात. तिचा अर्थ उपचारांच्या निर्णयात साथ देणं. खर्चाची हमी नाही. पैशाचा कागद वेगळाच असतो. बेळगावहून सगळ्यात जवळची मोठी सरकारी सोय म्हणजे धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था. दारिद्र्यरेषेखालच्यांना मानसिक उपचार सरकारी ठिकाणी मोफत मिळण्याचा हक्क याच कायद्यात आहे.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर दोन कामं १८ व्या वर्षाच्या आसपासच उरका. एक, नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली डीसींच्या समितीकडून कायदेशीर पालकत्व. ते नसलं की बँक आणि दवाखाना दोन्हीकडे अडतं, कारण १८ नंतर आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. दोन, निरामय आरोग्य विमा: वर्षाला १ लाखापर्यंत.

१२. आमच्या विम्यात किंवा नोकरीच्या सवलतीत मुलगा किती वयापर्यंत?

योजनेगणिक वेगळं.

खासगी फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाचा एकत्र विमा): बहुतेक पॉलिसींत २५ पर्यंत, तोही तुमच्यावर अवलंबून असेल तर. वय उलटलं की नूतनीकरणात नाव गळतं आणि कुणी कळवत नाही. गळण्याआधी त्याच कंपनीत वेगळी पॉलिसी काढून घ्या. जुन्या वर्षांचा वेटिंग पीरियड (दाव्यासाठी थांबायचा काळ) तेव्हाच पुढे धरला जातो.

ईएसआय, म्हणजे कामगार विमा (उद्यमबाग, मच्छे इथल्या कामगारांची): शिकत असलेला मुलगा २१ पर्यंत, अविवाहित अवलंबून मुलगी वयाची अट न ठेवता, आणि अपंग मूल अपंगत्व असेपर्यंत.

ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना): बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यानं माजी सैनिकांची घरं पुष्कळ, म्हणून हा प्रश्न रोज येतो. मुलगा २५ पर्यंत किंवा कमावता होईपर्यंत किंवा लग्न होईपर्यंत, जे आधी घडेल तोवर. मुलगी लग्नापर्यंत किंवा कमावती होईपर्यंत. कायम अपंग मुलाला वयाची मर्यादा नाही. मुलगा नोकरीला लागल्यावरही जुनं कार्ड वापरणं अंगाशी येतं: वसुली होते.

मुलगा पुण्या-बंगळूरला नोकरीला असेल तर आधी त्याच्या कंपनीचा गट विमा विचारा. त्याचं ई-कार्ड मोबाइलमध्ये असतं आणि घरच्यांना माहीतच नसतं. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जची ३ तासांत यायला हवी. नोकरी सोडली की हे छत्र संपतं.

१३. आयुष्मान–आरोग्य कर्नाटकात सज्ञान मुलगा येतो का?

येतो. या सरकारी उपचार योजनेत वय नाही, रेशन कार्ड बघतात. बीपीएल कार्डावर नाव असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख, उरलेले ७० टक्के आपले.

चुकतं कुठं? पहिलं, रेफरल. तातडीची केस नसेल तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवावं लागतं, बेळगावात म्हणजे बिम्सला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात), आणि तिथं सोय नसल्याचं पत्र घेऊन मगच पॅनेलवरच्या खासगी दवाखान्यात. थेट खासगीत जाऊन मागाहून पत्र आणू म्हटलं तर होत नाही. दुसरं, वेळ. ही योजना कॅशलेस आहे. बिल भरून घरी आल्यावर पैसे परत मिळत नाहीत. दाखल झाल्या झाल्या आरोग्यमित्राकडे (दवाखान्यातला योजनेचा मदतनीस) कार्ड आणि आधार द्या. तिसरं, कार्डावरचं नाव: लग्नानंतर मुलाचं वेगळं कार्ड झालेलं असतं आणि घरचे जुनं कार्ड घेऊन उभे असतात. शंका असेल तर १०४ वर विचारा.

घरात कुणी सहकारी सोसायटीचा सभासद असेल तर यशस्विनी योजनाही बघा. वर्गणी वेळेत भरलेली हवी, आजार आल्यावर भरून चालत नाही.

१४. उपचार कोल्हापूर, मिरज किंवा गोव्यात केले तर?

जबाबदारीचा कायदा बदलत नाही. प्रश्न १ आणि ३ तसेच. बदलतात त्या योजना. आरोग्य कर्नाटकाचा राज्यापुरता भाग सीमेपलीकडे चालत नाही. केंद्राच्या आयुष्मान यादीत नाव असेल तर परराज्यातल्या पॅनेलवरच्या दवाखान्यात पोर्टेबिलिटी, म्हणजे तीच सवलत तिथंही, मिळू शकते. निघण्याआधी तिथल्या आयुष्मान काउंटरला कार्ड नंबर देऊन विचारा. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना ८६५ सीमागावांना लागू करण्याचं जाहीर केलं आणि कर्नाटकानं त्याला विरोध केला. राजकारण बाजूला ठेवा. गावाचं नाव यादीत आहे का आणि कुठला दाखला लागतो, हे त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून दाखल होण्याआधीच कळून घ्यावं, नुसत्या घोषणेच्या भरवशावर निघू नये.

गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला, २०१८ पासून परराज्यातल्या रुग्णांना शुल्क आहे. ‘गोव्यात फुकट’ ही जुनी गोष्ट झाली.

१५. अपघात झाला. खर्च आमच्यावरच का?

रस्ता अपघातात २०२५ च्या केंद्रीय कॅशलेस योजनेत अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत उपचार नेमलेल्या दवाखान्यांत मिळतात. गाडी कुणाची, चूक कुणाची, हे बघत नाहीत. पोलिसांत नोंद हवी. उरलेल्या खर्चाचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात मुलानं स्वतः करायचा. हा दावा मुलगा राहतो त्या भागातही करता येतो. सगळी बिलं रुग्णाच्या नावानं घ्या. मेडिकल दुकानदार समोर उभा आहे त्याचं, म्हणजे बापाचं, नाव घालतो आणि वकील नंतर डोक्याला हात लावतो.

१६. बिल फुगवलंय असं वाटतं. कुठं बघायचं?

एकूण आकडा नको, तपशीलवार बिल मागा. ते देणं दवाखान्याला बंधनकारक आहे. आधी औषधांचं पान काढा: वॉर्डात आलेली, न वापरता परत गेलेली औषधं वजा झालीत का? सलाइन सेट, ग्लोव्हज, सिरिंज यांची संख्या दिवसांनी भागून बघा. मग खोलीभाडं: आयसीयूतून वॉर्डात हलवलं त्या दिवसाचं दोन्हीकडे लावलंय का? विमा असेल तर मंजूर मर्यादेपेक्षा भारी खोली घेतल्यावर कंपनी फक्त भाड्यातला फरकच नव्हे, डॉक्टरांची फी वगैरेही त्याच प्रमाणात कापते. हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात अनपेक्षित फटका.

न पटलेली रक्कम ‘हरकत नोंदवून’ भरता येते. पावतीवर तसं लिहा. नंतर २ वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगात जा. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आणि सीमाभागासाठी महत्त्वाचं: २०१९ च्या ग्राहक कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो तिथं तक्रार चालते. मिरजेच्या दवाखान्याविरुद्ध बेळगावात तक्रार करता येते. पैसे भरणारा बापही ग्राहक धरला जातो.

१७. दवाखान्याच्या वकिलाची नोटीस आली. आता घरावर येतील का?

नोटीस म्हणजे निकाल नव्हे. पण गप्पही बसू नका. उत्तरात एवढंच मागा: माझ्या सहीच्या हमीपत्राची प्रत आणि तपशीलवार बिल. हमीपत्रच नसेल तर तुमचं उत्तर तिथंच संपतं. वसुलीच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत आहे. मात्र मध्येच ‘थोडे थोडे देतो’ असं लिहून दिलं किंवा सही करून काही भरलं की मुदत नव्यानं मोजतात. समन्स आलं तर ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं, फार तर ९० पर्यंत वाढतं. न गेल्यास एकतर्फी हुकूमनामा (न्यायालयाचा वसुलीचा आदेश) होतो, आणि खरी अडचण तिथून. कोल्हापूरचा दवाखाना दावा कोल्हापुरातच लावील. हुकूमनामा मात्र अंमलासाठी बेळगावच्या न्यायालयाकडे येऊ शकतो, सीमा आड येत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

१८. बिल मुलाचं, पण जमीन वडिलोपार्जित आणि एकत्र. तिच्यावर बोजा चढेल का?

मुलाविरुद्ध हुकूमनामा झाला तर एकत्र कुटुंबातला त्याचा अविभक्त हिस्सा जप्त होऊ शकतो. लिलावात घेणाऱ्याला वाटणीचा दावा लावावा लागतो. तुमचा हिस्सा त्यात जात नाही. पण बाप कर्ता असेल आणि त्यानं घरच्या माणसाच्या उपचारासाठी कर्ता म्हणून कर्ज काढलं, तर ते कुटुंबाच्या गरजेचं कर्ज ठरतं आणि सगळ्यांच्या हिश्शाला लागतं. म्हणून सोसायटीतून कर्ज घेताना अर्जावर ‘स्वतःसाठी’ की ‘कुटुंबासाठी’ लिहिलंय ते बघा. हुकूमनाम्याशिवाय उताऱ्यावर बोजा चढवायचा अधिकार दवाखान्याला नाही.

१९. मुलगा वारला. बाकी बिल सून भरणार, आम्ही, की कुणी नाही?

हमी दिलेली नसेल तर देणं मुलाच्या मालमत्तेपुरतं. वारसाला जेवढं मिळालं तेवढ्यापर्यंतच वसुली, त्याच्या स्वतःच्या पैशातून नाही. आता वारस कोण ते बघा. हिंदू वारसा कायद्यात मुलाची आई, पत्नी आणि मुलं पहिल्या वर्गात आहेत. बाप दुसऱ्या वर्गात. सून किंवा नातवंडं असताना बापाला मुलाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेतलं काही मिळत नाही, आणि बिलाचा वाटाही येत नाही. आईला हिस्सा मिळतो, म्हणून दाव्यात तिचं नाव घालतात. तिनं घाबरून आपली पिग्मी ठेव मोडू नये; मुलाच्या खात्यातून तिला प्रत्यक्षात काय आलं त्याचा कागद न्यायालयात दाखवायचा.

हमी दिली असेल तर मुलाच्या मृत्यूनं ती संपत नाही. भरल्यानंतर मात्र दवाखान्याचा हक्क तुमच्याकडे येतो (करार कायदा, कलम १४० आणि १४५), आणि मुलाच्या मालमत्तेतून तेवढी रक्कम तुम्ही मागू शकता. त्यासाठी पावती ‘जामीनदाराकडून मिळाले’ अशी, तुमच्या नावानं घ्या.